पाऊण अंशाचं भजन

एकतीस वर्षांत पारेबुवांनी तळ्यावरची एकही सकाळ चुकवली नाही असं गावात म्हणत, पण ते खरं नव्हतं. दोन चुकल्या होत्या. एक लेक जन्मली तेव्हाची, दुसरी बायको गेली तेव्हाची. त्या दोन्ही तारखांसमोर वहीत त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: नोंद घेतली नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. कारणाला रकाना नव्हता.

पारेबुवा हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. जलखात्यात ते तळ्याचे निरीक्षक होते. रोज सकाळी सातला होडी काढायची, तळ्याच्या मध्यावर पिवळा बोया होता तिथवर वल्हवत जायचं, कॅनव्हासची बादली दोरीने सोडून वरचं पाणी उपसायचं, त्यात थर्मामीटर धरायचा आणि पारा जिथे थांबेल तो आकडा लिहायचा. मग लांब दोरीला बांधलेला दुसरा थर्मामीटर खाली सोडून मीटरामीटराला पाणी किती गार होत जातं ते बघायचं. काम एवढंच. पाऱ्यापायी 'पारे', आणि गातात म्हणून 'बुवा'. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारी.

गाण्याचं असं झालं होतं. खात्याच्या छापील कागदावर लिहिलं होतं, थर्मामीटर बादलीत एक मिनिट ठेवावा. खात्याने दिलेलं घड्याळ तिसऱ्याच महिन्यात पाण्यात पडलं. साठ आकडे मोजायला गेलं की चाळिशीच्या पुढे बुवांचं लक्ष उडे; पाण्यावर बगळा उतरला की आकडा गेलाच. मग त्यांनी युक्ती काढली. लहानपणापासून तोंडात बसलेलं देवाचं एक भजन होतं. त्याचं धृपद आणि पहिलं कडवं म्हटलं की मिनिट भरे. पहिले साहेब एकदा होडीत बसून आले, त्यांनी स्वतःचं घड्याळ लावून पाहिलं आणि पोट धरून हसले. "बुवा, तुमचा देव वक्तशीर आहे!"

त्याच साहेबांनी दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मात्र न हसता. "वहीत 'साधारण' हा शब्द मला दिसता कामा नये. 'सुमारे' नको, 'अंदाजे' नको. दिसलं ते लिहा. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणून लिहा. तळं बोलतंय, आपण फक्त लेखनिक." साहेब बदलून गेले, पुढे वारलेही, पण ते वाक्य बुवांनी देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखं जपलं. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या चाळा, 'साधारण' सापडायचं नाही.

आता याच वह्यांनी घर कसं मोडलं ते ऐका.

बुवांचा धाकटा भाऊ याच तळ्यावर मासे धरी. बापाचा धंदा होता, थोरला सरकारी नोकरीत गेला म्हणून जाळं धाकट्याच्या खांद्यावर आलं. दहा वर्षांपूर्वी तळ्याच्या वरच्या अंगाला वीजकेंद्र उभं राहिलं. ते तळ्यातून गार पाणी ओढी आणि कोमट पाणी परत सोडी. चार-पाच वर्षांनी मासे मरायला लागले. थंडी संपत आली की काठावर पांढऱ्या पोटांची रांग लागे. धाकट्याने मच्छीमारांना एकत्र केलं, अर्ज केला, आयोगापुढे सुनावणी लावून घेतली. म्हणणं एकच होतं, तुम्ही आमचं तळं तापवलंत.

तेव्हा वीजकेंद्राच्या वकिलाने टेबलावर काय ठेवलं? बुवांच्या वह्या. "तळ्याचं पाणी तापलेलं नाही. उलट गेल्या काही वर्षांत केसभर निवलंच आहे. आणि ही नोंद आमच्या माणसाने केलेली नाही. अर्जदाराच्या सख्ख्या भावाने केली आहे." अर्ज फेटाळला गेला. त्याला दोन वर्षं झाली. त्या दिवसापासून धाकटा थोरल्याशी एक शब्द बोलला नव्हता. होडीसमोर होडी आली तर तो वल्ह्याशी बोले.

"वल्ह्या, जरा बाजूनं रे. सरकारी बादली बसलीये."

बुवा ऐकून न ऐकल्यासारखं करत. पाऱ्याने दाखवलं ते लिहिलं, यात माझं काय चुकलं, असं त्यांनी देवाला शंभरदा विचारलं होतं. देवाने उत्तर दिलं नाही. बुवांना वाटलं, चूक नसेल म्हणूनच दिलं नसेल.

*

लेक आली ती श्रावणघेवड्याच्या वेलासारखी सडपातळ, पण सामान मात्र टेम्पोभर घेऊन. शहरातल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. तिने एक यंत्र आणलं होतं, डोक्यावर छोटी काचेची खिडकी असलेलं तरंगतं भांडं. बोयाला बांधून ठेवलं की दर दहा मिनिटांनी पाण्याचं तापमान आपलं आपण लिही, आणि चालू आकडा खिडकीत दाखवी.

"बाबा, तीन महिने तुमची वही आणि हे शेजारी शेजारी चालू देत. आकडे जुळले की तुमच्या सगळ्या वह्या आम्ही संगणकात घेणार. एवढी जुनी नोंद दुसऱ्या कुठल्याच तळ्याची नाहीये, माहितेय?"

बुवांचा ऊर भरून आला. तसं दाखवलं मात्र नाही. "खिडकी पुसायला फडकं दिलंयस का त्याच्याबरोबर?" एवढंच विचारलं.

आकडे जुळले नाहीत.

वारा नसेल त्या दिवशी बुवांचा आकडा यंत्रापेक्षा दोन-तीन दशांश कमी येई. वाऱ्याच्या दिवशी सहा-सात, कधी आठ. लेकीला वाटलं, यंत्र बिघडलं. तिने ते स्वयंपाकघरात बर्फाच्या पाण्यात बुडवलं, बरोबर शून्य. मग वडिलांचा थर्मामीटर बुडवला, तोही बरोबर शून्य. ओट्यावर दोन पातेली, दोन्हींत बर्फ, आणि मध्ये ती कपाळाला हात लावून उभी.

"दोन्ही खरी आहेत, बाबा."

"मग अडलंय कुठे?"

"तेच बघायला उद्या तुमच्याबरोबर येते."

दुसऱ्या दिवशी वारा चांगलाच होता. बुवांनी बादली वर ओढली. तिच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, ओलं कापड वाऱ्यात फडफडत होतं. त्यांनी थर्मामीटर आत धरला, डोळे मिटले आणि धृपद उचललं. लेकीने बादलीत गुपचूप आपला दुसरा थर्मामीटर सोडला आणि हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.

सुरुवातीला चोवीस पूर्णांक सहा. यंत्राच्या खिडकीतही तेच.

पहिलं कडवं संपलं. मिनिट झालं. चोवीस पाच.

बुवा थांबले नाहीत. दुसरं कडवं सुरू झालं, मग तिसरं. चोवीस तीन. चोवीस एक. मग एक कडवं असं आलं की लेकीच्या अंगावर काटा उभा राहिला. ते मूळ भजनातलं नव्हतंच. आईने जोडलेलं होतं. भांडी घासताना आई ते म्हणे, आणि कुणी ऐकतंय असं दिसलं की लाजून नळ मोठा सोडी. बुवा ते कडवं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज थोडा कापला. मग त्यांनी डोळे उघडले, वाकून बघितलं आणि लिहिलं: २३.९.

परतीच्या वाटेवर लेकीने थर्मामीटर पुसून ठेवला. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही पूर्वीपासून एवढं गाता?"

"छे. पूर्वी एक कडवं, की झालं." बुवांनी वल्हं मारलं. "तुझी आई गेली आणि घरात गाता येईना बघ. तोंड उघडलं की भिंती बघायला लागायच्या. इथे गातो. पाणी काही म्हणत नाही."

"म्हणजे नऊ वर्षं."

"नऊ झाली मागच्या महिन्यात."

*

तिने लगेच सांगितलं नाही. दुपारी स्वयंपाकघरात समोरासमोर बसले असताना तिने वेगळाच विषय काढला. "बाबा, मी लहान असताना तुम्ही मला सांगायचा ना, तळं उष्णता घेतं कशी आणि देतं कशी? परत सांगा."

"आता तू मला सांगायचं सोडून?"

"सांगा ना."

बुवांना सांगायला आवडे. त्यांनी पेला टेबलाच्या मध्यावर सरकवला. "हे तळं. दिवसभर सूर्य वरून ओततो, ते हे पोटात घेतं. सगळं ठेवून नाही घेत. परत देतं. आभाळ मोकळं असलं की रात्रभर वर सोडत बसतं. हवा गार असली की वारा अंगाला घासून नेतो. आणि सगळ्यात जास्त देतं ते वाफ होऊन. थेंब उडाला की जाताना ऊब घेऊन जातो, उरलेलं पाणी निवतं. घाम वाळताना आपल्याला गार वाटतं, तसंच. हवा कोरडी आणि वारा जोरात, मग तर विचारू नकोस. थंडीत वरचं पाणी असं निवत निवत जड होतं आणि तळाला जातं, तळाचं वर येतं. वर्षातून एकदा तळं कूस बदलतं. तेव्हाच तळाला ताजी हवा पोचते. कूस नाही बदलली तर खालचं पाणी गुदमरतं, आणि मग मासे..."

ते इथे थांबले.

"आणि बादली?" लेकीने हळूच विचारलं.

"बादलीचं काय?"

"कॅनव्हासची आहे. चारी बाजूंनी ओली. वाऱ्यात धरलेली."

बुवांचा हात पेल्यावरच राहिला. लेक बघत होती. तिला वडिलांच्या चेहऱ्यावर आकडे सरकताना दिसले. एक मिनिटाची बादली, पाच मिनिटांची बादली. नऊ वर्षं. रोज.

"म्हणजे मी तळं लिहीतच नव्हतो," ते शेवटी म्हणाले. "बादली लिहीत होतो."

"पाऊण अंश, बाबा. वाऱ्याच्या दिवशी." तिने संगणक उघडून त्यांच्याकडे फिरवला. नऊ वर्षांच्या आकड्यांत तिने तेवढं मिळवून पाहिलं होतं. सपाट रेघ उठून उभी राहिली होती. वीजकेंद्र सुरू झाल्यापासून ती पायरी पायरीने चढत गेली होती.

बुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रेघ तिथेच होती.

"धाकटा खरं बोलत होता," ते म्हणाले.

*

संध्याकाळ व्हायच्या आत ते भावाच्या दारात उभे राहिले. धाकटा ओट्यावर जाळं सांधत बसला होता. वर बघितलंसुद्धा नाही.

"तळं तापलंय," बुवा म्हणाले. "तुझं खरं होतं. माझी वही खोटी आहे."

दोऱ्यावरची बोटं थांबली. बुवांनी सगळं सांगितलं. बादली, वारा, कडवी. काही लपवलं नाही. वहिनीचं कडवंही सांगितलं. धाकट्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग तो हसला. ते हसू ऐकून आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "माझ्या पोटावर पाय द्यायला वीजकेंद्र पुरलं नाही. घरातलं भजन लागलं."

"मला ठाऊक नव्हतं रे."

"तेच तर! ठाऊक असतं तर तुला शिव्या तरी देता आल्या असत्या. आता शिव्या कुणाला देऊ, वहिनीला?" त्याचा आवाज चढला आणि मध्येच उतरला. वहिनीने त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. त्याने जाळं बाजूला ठेवलं. "आता काय करायचं?"

दोन वर्षांत पहिल्यांदा तो वल्ह्याशी नव्हे, दादाशी बोलला होता.

"पोरगी म्हणते, सुनावणी परत लावता येईल. बादली किती वेळ वाऱ्यात होती ते सिद्ध झालं की वह्या दुरुस्त करता येतात. वाऱ्याची नोंद हवामानखात्याकडे आहे, हवेतल्या ओलाव्याचीही आहे. फक्त गाणं किती वेळ चालायचं ते दाखवावं लागेल."

"कसं दाखवणार?"

"गाऊन."

धाकट्याने पहिल्यांदा नीट वर बघितलं. "त्या लोकांसमोर? ते?"

"हो."

"दादा," धाकटा म्हणाला, "गाशील ना?"

*

अर्ज गेला, तारीख मिळाली. आदल्या दिवशी लेकीने वडिलांची तयारी करून घेतली. तीन वेळा गाऊन घेतलं, तीन वेळा घड्याळ लावलं. चार मिनिटं चाळीस सेकंद, चार पस्तीस, चार पंचेचाळीस.

"छान. आता ऐका. ते विचारतील, रोज एवढंच गात होता का? तर म्हणायचं, हो, साधारण एवढंच."

"साधारण?"

"हो."

"मी एकतीस वर्षांत हा शब्द..."

"वहीत लिहायचा नाहीये, बाबा. तोंडाने म्हणायचाय. आणि साधारण म्हणजे खोटं नव्हे. आमचं अख्खं शास्त्र त्याच्यावर उभं आहे. कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त, पण मधला आकडा खरा असतो. मी तो काढलाय. तुम्ही फक्त तेवढं म्हणा."

बुवांनी मान डोलावली. लेकीला वाटलं, हो म्हणाले. मान डोलावणं आणि हो म्हणणं यांत अंतर असतं, ते तिला त्या क्षणी मोजता आलं नाही.

आयोगाची खोली लांबट होती. टेबलावर हिरवं कापड, पाण्याचा जग, फायलींचे लाल बंद. एका बाजूला वर्तमानपत्र पसरून त्यावर बादली टांगलेला लाकडी घोडा ठेवला होता आणि समोर टेबलफॅन. त्याच्या वाऱ्याचा जोर लेकीने तळ्यावरच्या वाऱ्याइतका लावला होता. मागच्या बाकावर मच्छीमार दाटीवाटीने बसले होते, त्यांत धाकटा. अध्यक्षबाई वयस्कर होत्या, बोलायला मऊ. त्या म्हणाल्या, "सुरू करा," आणि कारकुनाने घड्याळ दाबलं.

गायला सुरुवात करणं किती अवघड होतं म्हणून सांगू! देवासमोर गाणं वेगळं, पाण्यावर गाणं वेगळं. आणि हिरव्या कापडासमोर, पंख्याच्या घरघरीत, पॅन्टच्या पायांवर बादलीचे थेंब उडत असताना गाणं वेगळंच. धृपद फाटकं निघालं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. शिपाई दाराशी तोंडावर हात धरून उभा होता. पण पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, आणि बुवा हळूहळू तिथून निघून गेले. तिसऱ्या कडव्याला ते होडीत होते. बायकोचं कडवं आलं तेव्हा खोलीत फक्त पंखा आणि ते. दोनदा म्हटलं. शिपायाने तोंडावरचा हात काढला होता.

कारकून म्हणाला, "चार मिनिटं एकेचाळीस." लेकीने थर्मामीटर वाचून दाखवला. "शून्य पूर्णांक सात अंश उतरला." अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. मागच्या बाकावर कुणीतरी धाकट्याची पाठ थोपटली. बुवांनी तिकडे पाहिलं. धाकटा त्यांच्याकडेच बघत होता, लहानपणी जत्रेत हरवून सापडल्यावर बघितलं होतं तसं.

वीजकेंद्राचा वकील उठला. वाईट माणूस नव्हता तो. खरंच नव्हता. त्याने आधी चष्मा पुसला.

"तुम्ही फार सुंदर गाता. माझी आईसुद्धा गायची." मग जरा थांबून, "एकच विचारतो. नऊ वर्षं रोज एवढंच गात होता?"

बघा, किती सोपा प्रश्न. उत्तर शिकवलेलं होतं. लेकीचे ओठ समोर हलले, आवाज न करता, त्या एका शब्दाच्या आकारात. धाकटा पुढे झुकला होता. मागे सगळ्या होड्या, सगळी जाळी, पुढच्या सगळ्या थंड्या त्या चार अक्षरांवर टेकून उभ्या होत्या. बुवांनी तोंड उघडलं. शब्द जिभेपर्यंत आलाही. आणि एकतीस वर्षांची सवय, मेलेल्या साहेबांचा आवाज, की आत्ताच ज्याचं नाव घेतलं तो देव, कोण आडवं आलं ते त्यांना पुढेही कधी कळलं नाही.

"नाही," ते म्हणाले.

लेकीने डोळे मिटले.

"तिच्या आठवणीचा दिवस असला की जास्त. कधी तिचं कडवं चार-पाचदा म्हणायचो. लेकीचा फोन आला नसला की जास्त. आणि मासे मेलेले दिसायचे त्या दिवसांत," त्यांनी मागे बघायचं टाळलं, "त्या दिवसांत आवाजच फुटायचा नाही. मग एकच कडवं. कधी तेही नाही."

"कोणत्या दिवशी किती, याची नोंद आहे?"

"नाही."

"का नाही?"

"रकाना नव्हता," बुवा म्हणाले.

वकील आणखी काही न बोलता खाली बसला. बोलायची गरज राहिली नव्हती. लेक उठून सरासरीबद्दल, वर्षाच्या बेरजेबद्दल जीव तोडून बोलली. अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, त्यांना मनापासून खेद वाटतो. पण ज्या नोंदीची चूक रोज वेगळी आणि किती ते कुणालाच ठाऊक नाही, ती दुरुस्त झाली असं त्या धरू शकत नाहीत. नऊ वर्षांच्या वह्या पुराव्यातून बाद. आणि त्याच माणसाने, त्याच बादलीने, घड्याळाशिवाय घेतलेल्या आधीच्या बावीस वर्षांच्या वह्यांवरही मग विसंबता येत नाही, त्याही बाद. सगळ्या वह्या मोहोरबंद करून इथेच ठेवाव्यात. नवीन यंत्र चांगलं आहे. त्याची दहा वर्षांची नोंद झाली की अर्जदारांनी अवश्य यावं.

*

वऱ्हांड्यात धाकट्याने त्यांना गाठलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"एक शब्द होता, दादा. एक."

"खरा नव्हता रे तो."

"खोटा होता का?"

खोटाही नव्हता.

"अजाणता गायलास त्याने आम्हाला बुडवलं, आणि जाणून खरं बोललास त्यानेही आम्हालाच बुडवलं. तुझा देव दर वेळी बरोबर आमच्याच होडीत कसा रे चढतो?" धाकट्याने डोक्याला टॉवेल गुंडाळला. "थंडी संपताना मासे वर येतील पांढरं पोट करून. तेव्हा काठावर जा. सांग त्यांना, मी खरं बोललो म्हणून. त्यांना बरं वाटेल."

तो पायऱ्या उतरून गेला. त्याच्या मागोमाग बाकीचे. कुणी बुवांना धक्का दिला नाही, सगळे बाजूने वळसा घालून गेले.

लेक बादली घेऊन आली. अजून ओली होती. बसमध्ये दोघं शेजारी बसली, बादली मध्ये.

"मी चिडलेय तुमच्यावर," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"दिसतंय."

"आणि तुमच्या जागी मीही कदाचित तेच... नाही. मी नसतं केलं. मी साधारण म्हटलं असतं."

बुवांनी मान डोलावली. या वेळी तिला त्या डोलावण्याचा अर्थ कळला.

*

दुसऱ्या दिवशी सातला बुवांची होडी निघाली. का निघाली, हे होडीलाच ठाऊक. वही नव्हती, खिशात पेन मात्र सवयीने होतं. हवा चांगलीच गार झाली होती आणि तळ्यावरून वाफ उठत होती. एव्हाना निवायला हवं होतं, तरी पाणी अजून ऊब सोडत होतं. वाफेतून बोया दिसला, शेजारी यंत्र.

बुवांनी बादली ओढली, थर्मामीटर धरला. धृपद म्हटलं. पहिलं कडवं म्हटलं. मिनिट भरलं. पुढचं कडवं तोंडाशी आलं आणि त्यांना पहिल्यांदाच त्याचं वजन कळलं. दशांशात. त्यांनी ते गिळलं. मग बायकोचं कडवं आलं, तेही गिळलं. नऊ वर्षं पाण्यावर मांडून ठेवलेली बाई त्या सकाळी पुन्हा घरातल्या भिंतींत गेली.

त्यांनी वाकून पाहिलं. एकवीस पूर्णांक चार. यंत्राच्या खिडकीवर दव साचलं होतं. बाहीने पुसलं. एकवीस पूर्णांक चार.

वाफेतून वल्ह्याचा आवाज आला. धाकट्याची होडी दहा हातांवरून चालली होती. बुवा वाट बघत राहिले. सरकारी बादली म्हण, काहीही म्हण. धाकटा वल्ह्याशीही बोलला नाही. होडी वाफेत शिरली.

"एकवीस पूर्णांक चार," बुवा तिच्या मागे मोठ्याने म्हणाले.

वल्ह्याचा आवाज लांब जात होता, तो थांबला नाही. ऐकायला यंत्र तेवढं होतं, आणि त्याला तो आकडा आधीच ठाऊक होता.